तीन घरांच्या विहिरीवर चुकून गेलेली अट

अट म्हटलं की तुम्हाला आईची अट आठवत असेल. आधी दूध संपव, मग खेळायला जा. मित्रांनो, मीही तशीच एक अट आहे, फक्त जुनी आणि संगणकात राहणारी. माझा जन्म सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याचा. तिथे बसस्टँडच्या मागे तानाजीमामांचं मोटर भरायचं दुकान आहे. जळालेली मोटर खोलायची आणि तिच्यात तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे मामांचं काम. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांची भाची समीक्षा बसते. ती इंजिनिअर आहे. तिनेच मला लिहिलं.

समीक्षा विहिरीची मोटर चालवणाऱ्या पेट्या बनवते. आमच्या भागात एका विहिरीवर दोन-तीन भावांची नाहीतर भाऊबंदांची पाळी असते. आधी याच्या रानात पाणी, मग त्याच्या. पाळी बदलली की पूर्वी कोणीतरी चिखल तुडवत जाऊन पाइपावरचा वॉल, म्हणजे पाण्याची चावी, हाताने फिरवायचं. आता ते काम पेटी करते. कधी काय करायचं हे पेटीला सांगणारा मजकूर म्हणजे प्रोग्राम. समीक्षा तो संगणकावर लिहिते. पेटीला मात्र ती भाषा कळत नाही. म्हणून मध्ये कंपायलर नावाचा एक दुभाष्या बसलेला असतो. तो सगळा मजकूर वाचतो आणि पेटीला समजेल असा करून देतो.

मी या दुभाष्याला वाटेत अडवते. प्रोग्रामच्या अगदी वरच्या ओळीत 'चाचणी' हा शब्द लिहिला असेल, तरच माझ्या पोटातल्या ओळी घे, असं मी त्याला सांगते. शब्द नसेल तर तो आम्हाला ओलांडून असा पुढे जातो, जणू आम्ही कधी जन्मालाच आलो नव्हतो. लग्नघरात वाढप्याला सांगून ठेवतात ना, उपवासाची माणसं आली तरच साबुदाण्याचं पातेलं उघड, तसंच हे. शब्द असला की तयार होतो तो टेबलाचा प्रोग्राम. शब्द काढला की तयार होतो तो शेताचा. ही नावं मामांनी दिलेली आहेत.

माझ्या खालीच माझी धाकटी बहीण राहते. तिचं नाव 'नाहीतर'. दुभाष्याने मला घेतलं की तो तिला सोडतो, मला सोडलं की तिला घेतो. आम्ही एकाच पानावर शेजारी शेजारी राहतो, पण आजवर एका पेटीत कधी एकत्र गेलो नाही. टेबल माझं आणि रान तिचं, अशी आमची वाटणी झालेली आहे.

माझ्या पोटात दोन कामं होती. पहिलं असं, की वीज आली की तिसऱ्या वॉलपासून सुरुवात कर. त्याचं कारण साधं होतं. टेबलावरच्या तिसऱ्या वॉलची वायर कायम रुसायची. ती तपासायची तर आधी पहिल्या दोन पाळ्या संपायला हव्यात, आणि तोवर बसून राहायचा समीक्षाला कंटाळा. दुसरं काम मला जास्त आवडायचं. जे जे घडेल ते वेळेसकट लिहून ठेवायचं. वीज आली, वॉल उघडला, पाणी वाहिलं, बटण दाबलं, सगळं. मी जातीची बडबडी असल्यामुळे ते मला मनापासून जमायचं. पेटीची आठवण लहान असते, महिना-सव्वा महिन्याचं लिखाण तिच्यात कसंबसं मावतं. म्हणून शेताच्या पेटीत अशी बडबड ठेवत नाहीत.

बहिणीकडे एकच काम होतं, पण मोलाचं. वीज गेली तेव्हा ज्याची पाळी चालू होती, वीज आल्यावर त्याचीच पुढे चालू ठेवायची. ते काम मामांनी सांगितलं म्हणून आलं. गावोगावच्या विहिरींचं पाणी प्यालेला माणूस तो. एक दिवस दारात उभं राहून त्यांनी भाचीला बजावलं होतं, "समे, लाईट गेली म्हणून पाळी जात न्हाई. ज्याची हुती त्याचीच ऱ्हाती. ह्यात चुकलीस तर भाऊबंदांत डोकी फुटत्याल."

चार वर्षं मी त्या टेबलावर काढली. कौतुकही झालं. एकदा दुसरा वॉल मध्येच दोनदा उघडतो, हे माझ्या लिखाणावरून समीक्षाला सापडलं. तेव्हा मामा म्हणाले, "ही बडबडी लय कामाची हाय." मी चार दिवस त्याच शब्दांवर जगले. पण पेटी तयार झाली की समीक्षा वरचा शब्द पुसायची आणि मी झोपी जायचे. माझ्या डोळ्यांदेखत धाकटी बहीण वाळव्याच्या, तासगावच्या रानात जायची. तिथे ऊस कसा असतो, विहीर कशी असते, मला काही माहीत नव्हतं. टेबलावर आम्हाला विहीर म्हणून निळी बादली होती. खरं सांगते, मला बहिणीचा हेवा वाटायचा.

आता ती चूक सांगते. घोटाळा होऊ नये म्हणून समीक्षाने एक खूण ठरवली होती. टेबलाचा प्रोग्राम भरलेल्या पेटीला लाल फीत लावायची आणि शेताच्या पेटीला हिरवी. गेल्या वर्षी खंडेनवमीला ती सुटे भाग आणायला सांगलीला गेली होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. मामांनी पाने, पकडी, तार गुंडाळायचं यंत्र सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं. शेजारी दोन पेट्या ठेवल्या. एक टेबलाची होती, तिच्यात मी. दुसरी दुसऱ्या दिवशी गावाला जायची होती, तिच्यात माझी बहीण. मामांना वाटलं, देवापुढे ठेवायच्या वस्तूला चिकट फीत कशाला? त्यांनी दोन्ही फिती सोलल्या, फडक्याने पेट्या पुसल्या, हळदीकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. नारळाला जागा करायला पेट्या जरा सरकवल्या. आरती झाल्यावर त्यांना फितींची आठवण आली आणि त्यांनी त्या आठवून आठवून परत चिकटवल्या. आम्हा दोघींच्या पेट्या जुळ्या. मामांची आठवण चांगली आहे, पण त्या दिवशी ती चुकली. हिरवी फीत माझ्या अंगावर आली.

दसऱ्याच्या सकाळी समीक्षाने हिरवी फीत बघितली आणि पेटी उचलली. एकदा वीज देऊन पाहायला हवं होतं, पण मुहूर्त अकराचा आणि रस्ता लांबचा. मामांच्या मोटरसायकलवर मला मांडीवर घेऊन ती कराडवरून, पुसेसावळीवरून औंधच्या पुढच्या एका गावात आली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला चूक कळली होती आणि तरी आनंद झाला होता. शेवटी मलाही रान बघायला मिळणार होतं.

ते गाव कोरडवाहू भागातलं. तिथली ही तीन घरं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी, अलीकडे शेतीत स्थिरावलेली. तिन्ही घरांची मिळून एक विहीर. सगळ्यांत वडील लालासाहेब, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची लेक आष्ट्याला दिलेली, तिच्या सासरी आमची पेटी बघून त्यांनीच ही मागवली होती. दुसरं घर त्यांच्या पुतण्याचं, भाऊसोचं. तिसरं घर भामाबाईंचं. त्या भाऊसोच्या चुलत वहिनी. त्यांचे मालक दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. तोवर घर, रान, दोन शेरडं सगळं एकट्या भामाबाई बघतात. त्यांचं खोपटं विहिरीला लागून, म्हणून पेटी त्यांच्याच भिंतीवर ठोकली.

पहिली पाळी लालासाहेबांची, दुसरी भाऊसोची, तिसरी भामाबाईंची. प्रत्येकाला अडीच तास. पेटीवर एक बटणही होतं, अडीअडचणीला हाताने पाळी बदलता यावी म्हणून. नारळ फोडल्यावर लालासाहेबांनी मानाने ते बटण एकदा दाबून पाहिलं. वॉल खट्‌कन फिरला. "एक नंबर काम," ते म्हणाले. मी लगेच लिहून ठेवलं, बटण दाबलं, अकरा वाजून दहा मिनिटं.

आणि मग पाणी सुटलं. टेबलावर चार वर्षं मी वॉल उघडत होते, पण पाणी म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ते पाटातून धावत गेलं, वाळलेली माती फुगली, बगळे उतरले. भाऊसोच्या बटाट्याच्या सऱ्या ओल्या झाल्या. भामाबाईंनी खोपटाशेजारच्या वाफ्यांत कांद्याचं बी टाकलं होतं, ते आठवड्याभरात हिरव्या केसांसारखं वर आलं. ते रोप डिसेंबरात रानभर लावायचं, म्हणजे त्यांचं सगळं वर्ष त्या चार वाफ्यांत होतं. पाणी आलं की त्या वाफ्याच्या कडेला बसायच्या आणि रोपाशी बोलायच्या. पेटीशीही बोलायच्या. "दमलीस का गं बाय," असं मला विचारायच्या. मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं.

दसऱ्याचा आठवडा बरा गेला. मग लाईट खेळ करायला लागली. दिवसातून तीन-चारदा जायची आणि यायची. लाईट आली की माझ्या पोटातली ओळ जागी व्हायची, तिसऱ्या वॉलपासून सुरुवात कर. भाऊसोची पाळी अर्ध्यावर तुटायची आणि पाणी भामाबाईंच्या वाफ्यात वळायचं. त्यांचा वेळ भरला की मी पुन्हा लालासाहेबांकडे जायचे. भाऊसोचं राहिलेलं राहूनच जायचं. मला ते दिसत होतं, मित्रांनो. पण अटीला स्वतःचं मन चालवता येत नाही. जे लिहिलंय तेच करावं लागतं. पाळी तुटली, पाणी तिसऱ्याला, असं मी रोज खाली मान घालून लिहीत राहिले.

पंधरा दिवसांत बटाट्याच्या मधल्या सऱ्या पिवळ्या पडल्या. भामाबाईंचं रोप मात्र गुडघ्याएवढं होतंय की काय असं वाटावं इतकं तरारलं. एका सकाळी भाऊसो लालासाहेबांना घेऊन विहिरीवर आला.

"तात्या, तुमीच बघा," तो म्हणाला. "लाईट गेली आन आली की पानी वैनीच्या वाफ्यात. रोजचं हाय ह्ये. पेटी तिच्या भिंतीला, बटन तिच्या हाताखाली. म्या काय समजायचं?"

भामाबाई शेरडाला पाला टाकत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "भावजी, म्या त्या पेटीला बोट लावल्यालं न्हाई. पानी येतंय ते येतंय. मला वाटलं माझीच पाळी हाय."

"दिवसातनं तीनदा तुझीच पाळी?"

लालासाहेब कडक शिस्तीचे, पण मनाने सरळ. ते म्हणाले, "भामा, घरधनी लांब हाय तुजा. तवा चुकून झालं आसंल तर सांग. आमी मनात ठेवणार न्हाई."

"मामंजी, चुकून बी न्हाई आन मुद्दाम बी न्हाई," भामाबाई म्हणाल्या.

मी भिंतीवर होते, दीड हाताच्या अंतरावर. बटण कोणी दाबलं नाही हे सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं. माझ्याजवळ ते तारखेनिशी लिहिलेलंही होतं. पण मला तोंड नाही. लाज म्हणजे काय ते मी तिथे शिकले.

त्या दिवशी दुपारी लाईट आली आणि पाणी पुन्हा भामाबाईंच्या पाइपाला आलं. त्या वाफ्याकडे बसायला गेल्या नाहीत. त्यांनी पाइपाचं तोंड वाफ्यातून उचललं, ओढत ओढत विहिरीच्या काठावर आणलं आणि आत सोडलं. विहिरीतलं पाणी वर यायचं आणि पुन्हा विहिरीतच पडायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. भाऊसोची बायको समजवायला आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या वाफ्यात आता पानी न्हाई जायचं. जवर ह्यो आळ हाय, तवर न्हाई." पाटाच्या ओलीवर रोप दोन दिवस तगलं. चौथ्या दिवशी शेंडे वाकले.

इकडे लालासाहेबांनी आष्ट्याला फोन केला होता. बटणाला कुलूप बसवून जा, एवढंच सांगितलं. फौजी माणूस, घरची गोष्ट बाहेर बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी समीक्षा आणि मामा आले. लालासाहेब आणि भाऊसो पलीकडच्या रानात होते. भामाबाई चहा ठेवायला आत गेल्या. समीक्षाने सहज म्हणून लॅपटॉप पेटीला जोडला. शेताच्या पेटीतून लिखाण यायला नको होतं. माझ्यातून ते धो धो आलं.

ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. वीज आली, तिसरा वॉल. वीज आली, तिसरा वॉल. एवढ्या दिवसांत किती वेळा ते तिने मोजलं नाही. बटण दाबल्याची ओळ तिने शेवटपर्यंत शोधली. ती एकच होती, दसऱ्याची, अकरा वाजून दहा मिनिटांची.

"मामा, ही टेबलाची पेटी आहे," ती हळूच म्हणाली. "शब्द पुसलेलाच नाही. फीत हिरवी कशी?"

मामा फितीकडे बघत राहिले. मग खाली बसले. "खंडेनवमीला म्या काढल्या हुत्या, समे. पुसाया. परत लावताना..." त्यांनी विहिरीत सोडलेला पाइप बघितला होता, सुकलेले वाफेही बघितले होते, आणि आळ कोणावर आला हे न सांगता त्यांना कळलं होतं.

मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "गप नवीन भर. दोन मिंटाचं काम. कुलूप लाव आन चल. ह्या गावातली आनखी चार घरं पेटी मागत्यात. ह्ये भाईर पडलं तर तुजं नाव जाईल, पोरी. चार वर्सांचं काम."

मामांच्या मनात खोट नव्हती. त्यांचा भाचीवर जीव आहे. पण मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट क्षण होता. नवा प्रोग्राम भरला की जुना पुसला जातो, आणि त्याच्याबरोबर सगळं लिखाणही जातं. समीक्षाचं बोट लॅपटॉपवरच्या त्या बटणावर होतं. मी गेले असते, त्याचं काही नाही, टेबलावर माझी दुसरी प्रत आहेच. पण भामाबाईंची एकुलती एक साक्ष माझ्या पोटात होती. पेटी सुधारली असती, पाळ्या सरळ झाल्या असत्या आणि सगळे म्हणाले असते, बघा, कुलूप लावलं तशी चोरी थांबली. तो आळ त्या बाईच्या कपाळावर कायमचा कोरला गेला असता.

भामाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. समीक्षाच्या हातात कप देत म्हणाल्या, "बाय, पेटीला माझ्या भिंतीवरनं काढून दुसरीकडं लावता येतीय का बघ. तिचा काय दोस न्हाई. पर मला आता तिच्याकडं बघवंना."

समीक्षाने बटणावरचं बोट काढलं. कप तसाच खाली ठेवला. "मावशी, पलीकडच्या दोघांना बोलवून आणता?" ती म्हणाली. "मला सगळ्यांसमोर काही सांगायचं आहे."

दोघं आले. समीक्षा उभीच राहिली. तिने सांगितलं की चूक पेटीची आहे, म्हणजे तिची स्वतःची आहे. वीज आली की तिसऱ्यापासून सुरू कर, हे तिने टेबलावरच्या सोयीसाठी लिहिलं होतं आणि ते काढायचं राहून पेटी इथे आली. दसऱ्याच्या घाईत तिने ती एकदाही तपासली नाही. मग तिने लॅपटॉप फिरवला आणि माझं लिखाण त्यांच्यापुढे धरलं. "बटण दसऱ्यापासून एकदाच दाबलंय. तेही तात्यांनी. भामामावशींनी पेटीला हात लावलेला नाही."

"फीत म्या बदलली," मामा मध्येच म्हणाले. "पोरीचं न्हाई, माजं चुकलं."

लालासाहेबांनी चष्मा चढवला आणि एक एक ओळ वाचली. फौजेत रोजचा रिपोर्ट वाचायचे तशी. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि ते भामाबाईंसमोर जाऊन उभे राहिले. "भामा," ते म्हणाले, "तपास न करता म्या तुला इचारलं. ह्यो माजा गुन्हा."

भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे तेव्हा वाहिले. समीक्षाही रडली. मला रडता येत नाही, मी तेवढ्याची नोंदही ठेवू शकत नाही, पण आत काहीतरी भरून आलं हे नक्की.

त्या वेळी लाईट होती आणि नेमकी भाऊसोचीच पाळी चालू होती. त्याच्या पिवळ्या बटाट्याला दोन दिवसांनी पाणी मिळत होतं. तो विहिरीच्या काठावर गेला. भामाबाईंचा पाइप त्याने आतून ओढून काढला, खांद्यावर घेतला आणि सुकलेल्या वाफ्यात नेऊन ठेवला. मग चिखलाच्या पायांनी माझ्याकडे आला आणि त्याने बटण दाबलं. दुसरा वॉल मिटला, तिसरा उघडला.

"भावजी, पाळी तुमची हाय," भामाबाई म्हणाल्या.

"आसू दे," भाऊसो म्हणाला. "रोप जगलं पायजे." त्याला त्यांच्याकडे बघता येत नव्हतं. तो वाफ्यात वाकून हाताने माती सारत पाण्याची दारं मोडायला लागला.

मी ते लिहिलं. बटण दाबलं, पाळी दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याला. त्या पेटीत मी लिहिलेली ती शेवटची ओळ. पाणी चारही वाफ्यांत फिरेपर्यंत समीक्षा थांबली. मग तिने माझं सगळं लिखाण लॅपटॉपवर उतरवून घेतलं, वरचा शब्द पुसला आणि माझी बहीण पेटीत उतरली. मी रानातून गेले. मला वाईट वाटलं नाही. त्या विहिरीला तिचीच गरज होती.

मी आता आष्ट्याच्या टेबलावर आहे. समीक्षाने मला काढून टाकलं नाही, पण मला जरा वळण लावलं. आता टेबलाच्या पेटीवर लाल दिवा सतत उघडमीट करतो आणि तासाभरात पेटी आपोआप बंद पडते, म्हणजे मी पुन्हा चुकून गेले तरी कोणाच्या पाळीत ढवळाढवळ करू शकत नाही. पेटी बाहेर पडायच्या आधी मामा स्वतः वीज देऊन तीनदा बघतात. त्या गावातल्या चार घरांपैकी दोघांनी पेटी नको म्हटलं. दोघांनी मागवली. समीक्षाने नाही म्हणणाऱ्यांचा राग धरला नाही. भामाबाईंचं निम्मं रोप गेलं, निम्मं जगलं. ते त्यांनी आणि भाऊसोच्या बायकोने मिळून लावलं, असं लालासाहेबांनी फोनवर सांगितलं.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन प्रोग्राम लिहाल, पेट्या बनवाल, किंवा आणखी काही कराल. स्वतःच्या सोयीसाठी केलेली गोष्ट दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी एकदा उघडून बघा. कोणी विचारपूर्वक लावलेली खूण पुसू नका, मग पूजा का असेना. आणि एवढं करूनही चुकलात, तर माझ्यासारखीचा शब्द गुपचूप पुसून निघून येऊ नका. मला पुसायला दोन मिनिटं लागतात. पण तुमच्या चुकीचा आळ ज्याने सोसला, तो माणूस स्वतःचं पाणी विहिरीत परत सोडत बसलेला असतो. आधी त्याच्याकडे जा.